फेअरी विक्का किती जुनी, किती खरी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टॅरो, क्रिस्टल, पौर्णिमेचे विधी यांच्या मागोमाग आता ‘फेअरी विक्का’ हे नावही मराठी मुलामुलींच्या कानावर पडू लागलं आहे. पुस्तकांतून, ऑनलाइन कोर्समधून ते येतं तेच मुळी ‘आयर्लंडची हजारो वर्षांची गुप्त परंपरा’ अशी पाटी लावून. आयरिश आणि स्कॉटिश लोककथा हा माझ्या आवडीचा विषय, त्यामुळे पुढचे प्रश्न मला सारखे विचारले जातात. उत्तरं मी आडपडदा न ठेवता दिली आहेत. ज्यांच्या आजी-आजोबांच्या समजुती या पाटीखाली विकल्या जातात ती माणसं आजही त्याच गावांत राहतात, आणि त्यांच्याविषयी काहीही लिहून चालतं असं मला वाटत नाही.

फेअरी विक्का म्हणजे नेमकं काय?

विक्का हा विसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये आकाराला आलेला एक नवा धर्म. देवी आणि शिंगं असलेला देव यांची उपासना, जमिनीवर आखलेलं वर्तुळ, चार दिशांना आवाहन, वर्षाचे आठ सण हा त्याचा साचा. या साच्यात आयर्लंड-स्कॉटलंडच्या फेअरींच्या समजुती बसवल्या की फेअरी विक्का तयार होते. तिची एक संस्था नाही, एक ग्रंथ नाही.

या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. एक म्हणजे कॅलिफोर्नियात व्हिक्टर अँडरसन यांच्यापासून सुरू झालेली ‘फेरी’ परंपरा. दुसरी म्हणजे 1990च्या दशकात अमेरिकेत निघालेल्या पुस्तकांमधली ‘प्राचीन आयरिश’ विक्का. वाद मुख्यतः दुसरीवरून आहे. पहिलीकडे नंतर येते.

फेअरी म्हणजे आपल्या गोष्टींतली परीच ना?

नाही. पाठीवर चिमुकले पंख असलेली, फुलावर बसणारी परी चित्रकारांनी दिली. 1798 साली थॉमस स्टॉथर्ड या इंग्रज चित्रकाराने एका कवितेसाठी फुलपाखराचे पंख असलेल्या आकृत्या काढल्या, आणि पुढच्या शंभर वर्षांत ते पंख सगळीकडे पसरले.

आयर्लंडच्या खेड्यातली फेअरी बहुतेकदा माणसाएवढीच असते. टेकड्यांच्या आणि जुन्या, गोल मातीच्या बांधांच्या आत त्यांची वस्ती. त्यांच्याकडे गुरं असतात, त्यांची लग्नं होतात, एका प्रांताच्या फेअरी दुसऱ्या प्रांताच्या फेअरींशी लढतात. त्या माणसांची मुलं पळवतात, बाळंतिणींना घेऊन जातात, गाईचं दूध आटवतात. त्यांचं नाव उघड घ्यायचं नाही, ‘ती चांगली माणसं’ म्हणायचं. आपल्याकडे रात्री सापाला ‘जनावर’ म्हणतात त्यामागे जी धास्ती आहे, तीच इथेही आहे.

विक्का स्वतः किती जुनी?

साधारण पाऊणशे वर्षं. जेराल्ड गार्डनर हा इंग्रज मलायात सीमाशुल्क खात्यात नोकरीला होता. 1936 साली निवृत्त होऊन तो इंग्लंडला परतला. 1939 साली न्यू फॉरेस्ट भागात एका जुन्या गुप्त गटाने आपल्याला दीक्षा दिली, असं तो सांगे. जादूटोण्याविषयीचा 1735 सालचा कायदा 1951 मध्ये रद्द झाला आणि 1954 साली त्याचं ‘विचक्राफ्ट टुडे’ हे पुस्तक आलं. त्याला प्रस्तावना होती मार्गारेट मरे यांची.

इथेच खरी गोम आहे. मरे या इजिप्तच्या अभ्यासक. 1921 साली त्यांनी असा सिद्धांत मांडला की युरोपात जाळल्या गेलेल्या ‘चेटकिणी’ म्हणजे ख्रिस्तपूर्व धर्म गुपचूप पाळणारी माणसं होती आणि तेरा-तेरा जणांचे त्यांचे गट असत. 1975 साली इतिहासकार नॉर्मन कोन यांनी मरे यांची अवतरणं मूळ कागदांशी ताडून पाहिली. मरे यांनी साक्षींमधले अशक्य भाग, म्हणजे हवेत उडणं, रूप बदलणं वगैरे, गाळून उरलेला मजकूर ‘विश्वासार्ह वर्णन’ म्हणून छापला होता, हे त्यांनी दाखवून दिलं. 1999 साली रोनाल्ड हटन यांनी गार्डनरच्या विधींचे धागेदोरे एकेक करून उलगडले: फ्रीमेसन मंडळांच्या दीक्षा, गोल्डन डॉन या संस्थेची कर्मकांडं, अ‍ॅलिस्टर क्रॉली या इंग्रज गूढविद्यावाल्याचे उतारे, आणि पुढे डोरीन व्हॅलिएंट या गुणी कवयित्रीने नव्याने लिहिलेला मजकूर. हटन विक्काची टवाळी करत नाहीत. इंग्लंडने जगाला दिलेला हा एकमेव धर्म, असं ते आदराने म्हणतात. मला त्यांची ही भूमिका पटते.

गार्डनरच्या विक्कात फेअरी होत्या का?

होत्या, पण देवता म्हणून नाही, पूर्वज म्हणून. 1890 साली डेव्हिड मॅकरिची या स्कॉटिश लेखकाने कल्पना मांडली की फेअरी म्हणजे टेकड्यांखाली घरं करून राहणाऱ्या एका बुटक्या मूळ जमातीची लोकांच्या मनात उरलेली आठवण. मरे यांनी ती उचलली. गार्डनरने आपल्या पुस्तकात ‘छोटे लोक’ यांच्यावर वेगळं प्रकरण लिहिलं आणि त्यांचंच ज्ञान विचकडे आलं असं जोडून दिलं.

उत्खननांतून अशी कुठली बुटकी जमात निघाली नाही. न्यूग्रेंजचा प्रचंड ढिगारा हे इसवी सनापूर्वी 3200च्या सुमाराचं थडगं आहे, कुणाचं घर नाही. ज्यांना लोक ‘फेअरी फोर्ट’ म्हणतात ती हजारो मातीची कडी म्हणजे बहुतांशी इसवी सन 500 ते 1000च्या दरम्यान शेतकरी कुटुंबांनी आपल्या घर-गोठ्याभोवती घातलेले बांध. तुमच्या-आमच्या उंचीची माणसं तिथे गाई बांधत होती.

तरीही ‘फेअरींच्या रक्ताचे वारस’ ही भाषा आजच्या कोर्समध्ये सर्रास चालते. तिचा उगम 1890च्या त्या कल्पनेत आहे हे शिकवणाऱ्यांनाही बहुधा ठाऊक नसतं.

मग जुन्या काळच्या विच आणि फेअरी यांचा संबंध नव्हताच?

होता की! आणि तो इतका विलक्षण आहे की त्यावर बनावट इतिहास चढवलेला पाहून मला मनापासून वाईट वाटतं.

1576 साली स्कॉटलंडमधल्या एअरशरची बेसी डनलॉप हिच्यावर खटला झाला. तिची साक्ष अशी: नुकतीच बाळंत झालेली, नवरा आजारी, मूल आजारी, गाय मरायला टेकलेली. अशा अवस्थेत ती रडत रडत गुरं कुरणाकडे हाकत असताना तिला करड्या कपड्यातला, हातात पांढरी काठी घेतलेला एक म्हातारा भेटला. तो टॉम रीड, 1547च्या पिंकीच्या लढाईत मेलेला. त्याने सांगितलं, मूल जाणार, गाय जाणार, नवरा मात्र बरा होईल. पुढे त्याने तिला फेअरींच्या दरबारातली आठ बायका आणि चार पुरुष दाखवले. आमच्याबरोबर चल, असं ते म्हणाले. ती गेली नाही. मला नवरा आहे, मुलं आहेत, त्यांना टाकून कशी येऊ, असं तिने टॉमला सांगितलं. त्याआधी ती बाळंतपणात असताना एक धिप्पाड बाई घरात येऊन बाकावर बसली होती, तिने प्यायला मागितलं आणि बेसीने दिलं होतं. टॉम म्हणाला, तीच आमची राणी. टॉमने शिकवलेल्या वनस्पतींनी बेसी लोकांना औषध देई, हरवलेल्या वस्तू कुठे आहेत ते सांगे. तिला जाळण्यात आलं.

1662 साली स्कॉटलंडमधल्याच ऑल्डर्नच्या इझोबेल गाउडीने चार कबुलीजबाब दिले. डाउनी टेकडीच्या आत आपण फेअरींच्या राणीला भेटलो, पोटभर मांस खाल्लं, आणि आतले हंबरणारे बैल पाहून भेदरून गेलो, असं तिने सांगितलं. तेरा जणांच्या गटाचा उल्लेखही तिच्याच तोंडचा. मरे यांनी तो तिथून उचलला, आणि आज जगभर ‘कोव्हन (विचचा गट) म्हणजे तेरा’ हे पाठ झालं आहे. इझोबेलचं पुढे काय झालं याची नोंद उरलेली नाही.

सिसिलीत तर 1579 ते 1651 या काळातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या धर्म-न्यायालयाच्या, कागदांत ‘बाहेरच्या बायां’बरोबर रात्री देहाबाहेर पडून फिरणाऱ्या गरीब स्त्रियांच्या साक्षीच साक्षी आहेत. या भेटी आनंदाच्या असत, मेजवान्या आणि नाच असे.

आता या साक्षींत काय नाही ते पाहा. बेसीच्या साक्षीत वर्तुळ नाही, दीक्षा नाही, देवीची पूजा नाही. ती स्वतःला ख्रिश्चनच समजत होती. एकट्या, गांजलेल्या बाईला संकटात कुणीतरी भेटतं, ते काही देतं आणि काही मागतं, असा हा अनुभव आहे. शिवाय हे सगळं आपल्यापर्यंत पोचलं ते चौकशी करणाऱ्यांच्या लेखणीतून. त्याचा आदर करायचा तर त्याला ‘आमच्या धर्माची पहिली दीक्षा’ म्हणता येत नाही.

आयर्लंडमधल्या फेअरी विच चर्चने जाळून संपवल्या, म्हणून पुरावा उरला नाही. हे खरं?

नाही. आयर्लंडमध्ये असे खटले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके झाले. 1324 साली किलकेनीत अ‍ॅलिस काइटेलर निसटली आणि तिची दासी पेट्रोनिला जाळली गेली. 1661 साली योलमध्ये फ्लॉरेन्स न्यूटनवर, 1711 साली आयलंडमगीत काही बायकांवर खटले चालले. शेवटचे दोन्ही इंग्लंड-स्कॉटलंडहून आलेल्या वसाहतींमधले. गेलिक ही तिथली जुनी भाषा बोलणाऱ्या भागांत मूल दगावलं, दूध आटलं की लोक शेजारणीवर संशय घेण्याऐवजी फेअरींना दोष देत, म्हणून तिथे चेटकिणींचा शोध पेटला नाही, असं काही इतिहासकारांचं म्हणणं आहे. फेअरींवरची श्रद्धा बायकांच्या जिवावर उठण्याऐवजी बऱ्याचदा त्यांची ढाल झाली, असा याचा अर्थ. ‘नव्वद लाख जाळल्या’ हा आकडाही सोडून द्यावा. तो अठराव्या शतकातल्या एका जर्मन लेखकाच्या हिशेबातून आला. सगळ्या युरोपात मिळून चाळीस ते साठ हजारांच्या दरम्यान माणसं मारली गेली, असं आज अभ्यासक मानतात. तेवढी पुरेशी भयंकर आहेत.

आयर्लंडची खरी ‘फेअरींशी संबंध असलेली बाई’ हवी असेल तर क्लेअर परगण्यातली बिडी अर्ली पाहा. 1874 साली ती वारली. तिच्याजवळ एक निळी बाटली होती, तिच्यात पाहून ती दुखणं ओळखे आणि औषध देई, ही गोष्ट त्या भागात अजून सांगतात. ती कॅथलिक होती, धर्मगुरूंशी भांडणारी कॅथलिक.

एखादं ‘प्राचीन आयरिश’ पुस्तक बनावट आहे हे ओळखायचं कसं?

सगळ्यात सोपी खूण बटाटा. 1990च्या दशकातल्या अशा पुस्तकांत बटाट्याला प्राचीन आयर्लंडच्या पूजेत मानाचं स्थान दिलेलं आढळतं. बटाटा दक्षिण अमेरिकेतला. आयर्लंडला तो पोचला सोळाव्या शतकाच्या अखेरीस. ड्रुइडांनी, म्हणजे ख्रिस्ती धर्म येण्याआधीच्या तिथल्या पुरोहितांनी, बटाटा पाहिलेला असणं शक्यच नाही.

झाडांचं ‘सेल्टिक कॅलेंडर’ दिसलं तरी थांबा. ते रॉबर्ट ग्रेव्हज या इंग्रज कवीने 1948 साली छापलेल्या पुस्तकातून आलं आहे. वर्षाचे आठही सण प्राचीन आयरिश असल्याचं लिहिलं असेल तर तेही चूक. साउइन, इमोल्क, बेल्टने, लूनसा हे चार आयरिश सण खरे जुने आहेत. उरलेले चार त्यांना जोडून आठांचं चक्र पूर्ण झालं ते 1950च्या दशकात इंग्लंडमध्ये. ‘मेबन’ हे सप्टेंबरच्या सणाचं नाव तर 1970च्या दशकात एका अमेरिकन लेखकाने वेल्श कथेतून घेतलं.

आणि लेखक गावाचं, परगण्याचं, सांगणाऱ्याचं नाव देतो का ते बघा. लोककथेला नेहमी पत्ता असतो.

लोखंड आणि मीठ यांच्यावरून एवढा वाद का होतो?

कारण इथे दोन परंपरांचे सांधे उघडे पडतात. लोखंड आणि मीठ ही फेअरींना दूर ठेवायची सगळ्यात पक्की साधनं, यावर आयर्लंड-स्कॉटलंडच्या लोकांचं एकमत आहे. पाळण्यावर चिमटा आडवा ठेवायचा, म्हणजे बाळ बदललं जात नाही. घुसळताना रवीजवळ लोखंड ठेवायचं, रात्री लांबच्या वाटेला निघणाऱ्याच्या खिशात चिमूटभर मीठ टाकायचं.

विक्काच्या विधीत पहिलं काम काय, तर मीठ घातलेल्या पाण्याने जागा शुद्ध करणं. दुसरं काम पोलादी पात्याच्या सुरीने वर्तुळ आखणं. (गार्डनरला शस्त्रांचं वेड होतं. मलायी क्रिस या कट्यारीवर त्याने 1936 साली पुस्तकच लिहिलं होतं.) मग त्या मिठाच्या आणि लोखंडाच्या वर्तुळात उभं राहून फेअरींना बोलवायचं. ज्या आयरिश म्हातारीने जन्मभर उंबऱ्यावर पिवळी फुलं पसरून मे महिन्याच्या पूर्वसंध्येला त्यांना घराबाहेर ठेवलं, तिला हा प्रकार कळणारच नाही.

काही फेअरी विक्कन आता लाकडी किंवा कांस्याचं पातं वापरतात. अंगण शिंपून दार लावून घ्यावं तसा प्रकार टळतो, हे चांगलंच. पण मूळ प्रश्न शिल्लक राहतो. लोकपरंपरेचा सगळा भर अंतर राखण्यावर आहे: बोलावू नका, नाव घेऊ नका, त्यांचं अन्न खाऊ नका, त्यांच्या वाटेवर घर बांधू नका. मैत्री जोडण्याचा विधी तिथे सापडत नाही.

पण श्रद्धाच तर आहे, थोडी गोड करून घेतली तर बिघडलं काय?

ब्रिजेट क्लियरीची हकिगत माहीत असायला हवी. टिपरारी परगण्यातल्या बॅलीव्हॅडलीची ही सव्वीस वर्षांची बाई, शिवणकाम करायची, घरात तिचं शिलाई मशीन होतं. मार्च 1895 मध्ये ती आजारी पडली. नवरा मायकल याने मनाशी घेतलं की ही आपली बायको नाही, फेअरींनी तिला नेऊन बदली ठेवली आहे. वैदूकडून वनस्पती आणल्या, दुधात उकळल्या आणि तिला धरून जबरदस्तीने पाजल्या. वडील, आत्या, आतेभाऊ घरात होते. देवाच्या नावाने सांग, तू ब्रिजेट बोलंडच का (बोलंड हे तिचं माहेरचं आडनाव), हे तिला पुन्हा पुन्हा विचारलं गेलं. 15 मार्चच्या रात्री मायकलने तिच्यावर दिव्याचं तेल ओतून तिला पेटवलं. त्यानंतर तो जवळच्या फेअरी फोर्टवर जाऊन रात्रीमागून रात्री थांबला, खरी ब्रिजेट पांढऱ्या घोड्यावरून येईल म्हणून. पोलिसांना तिचा देह उथळ खड्ड्यात सापडला. मायकलला वीस वर्षांची शिक्षा झाली.

या श्रद्धेला असंही अंग होतं. फेअरी म्हणजे निसर्गाची प्रेमळ ऊर्जा, असं लिहिणारं पुस्तक ब्रिजेटला इतिहासातून पुसून टाकतं. मला ते सहन होत नाही.

चार तत्त्वांच्या फेअरी, चक्रं, कर्म हे सगळंही आयरिश आहे?

नाही. वारा, पाणी, माती आणि आग यांचे चार प्रकारचे जीव सोळाव्या शतकातल्या पॅरासेल्सस या स्विस वैद्याच्या लिखाणातून आले. चक्र आणि कर्म आले आपल्याकडून, थिऑसॉफी या एकोणिसाव्या शतकातल्या गूढवादी चळवळीमार्गे. मॅडम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट 1879 साली मुंबईत उतरले, गिरगावात राहिले, आणि 1882 साली मद्रासजवळच्या अड्यारला मुक्काम हलवेपर्यंत थिऑसॉफिकल सोसायटीचं भारतातलं बिऱ्हाड मुंबईतच होतं. याच सोसायटीच्या लोकांनी पुढे फेअरींना ‘देव’ या भारतीय कल्पनेशी जोडून निसर्गाचे अदृश्य कारागीर बनवलं.

1917 साली यॉर्कशरच्या कॉटिंग्लीत दोन मुलींनी कागदी आकृत्या टाचणीने उभ्या करून ‘फेअरीं’चे फोटो काढले, तेव्हा ते जगापुढे आणण्यातही एक थिऑसॉफिस्टच पुढे होते. आर्थर कॉनन डॉयल यांनी 1920 साली ते छापून आणले. त्या दोघींनी म्हातारपणी, 1980च्या दशकात, कबुली दिली.

म्हणजे एखादी पुण्याची मुलगी फेअरी विक्काच्या कोर्समध्ये ‘आयरिश चक्रध्यान’ शिकते तेव्हा गिरगावातून गेलेला माल डॉलर मोजून परत विकत घेत असते.

कॅलिफोर्नियाची ‘फेरी’ परंपरा हीदेखील बनावट का?

तिला त्याच मापाने मोजणं अन्यायाचं होईल. व्हिक्टर अँडरसन (1917–2001) लहानपणापासून जवळजवळ अंध होते. नऊ वर्षांचे असताना एका वृद्ध स्त्रीने आपल्याला दीक्षा दिली, असं ते सांगत. या दाव्याला बाहेरचा पुरावा नाही. त्यांच्या शिकवणुकीत हवाईच्या नावाने चालणारा तीन आत्म्यांचा विचार आहे, विक्का आहे, त्यांची स्वतःची कविता आहे. काम, अभिमान, स्वत्व, सामर्थ्य आणि उत्कटता या पाच बिंदूंचा ‘लोहपंचकोन’ ही त्यांची ध्यानपद्धती स्वतःच्या अंगाने उभी राहते. त्यांच्याकडून दीक्षा घेतलेल्या स्टारहॉक यांनी 1979 साली लिहिलेल्या पुस्तकाने अमेरिकेतल्या स्त्रीवादी देवी-उपासनेला दिशा दिली.

‘फेअरींचे छोटे लोक आफ्रिकेतून आले’ असलं काही फेरीच्या गोष्टींमध्ये ऐकू आलं तर ते पुराण म्हणून ऐकावं. इतिहास म्हणून मानायचं कारण नाही. तिथले बरेच साधकही तसंच मानतात, आणि म्हणून मला ती माणसं प्रामाणिक वाटतात.

नवी आहे म्हणजे खोटी आहे, असंच ना?

मुळीच नाही. एकादशीची साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, बटाटा, शेंगदाणे, मिरची, सगळं अमेरिका खंडातून आलेलं. पोर्तुगीज येण्याआधी यातलं काहीच आपल्याकडे नव्हतं. तरीही ती खिचडी आपली आहे आणि तो उपवास खरा आहे. ‘ही खिचडी वेदकाळापासून चालत आली’ असं सांगून कुणी क्लासची फी घ्यायला लागलं की मात्र खोटेपणा सुरू होतो.

1993 साली सुरू झालेली परंपरा 1993 सालची म्हणून पाळावी. तिच्यात मन लागत असेल तर कुणाची परवानगी लागत नाही. हरकत आहे ती आयरिश लोकांचा वारसा आपल्या नावावर करण्याला. ज्यांची भाषा शाळेत मार देऊन तोडली गेली, ज्यांनी ती पुन्हा शिकायला जन्म घालवले, त्यांना परदेशी पुस्तकातून ‘तुमची खरी परंपरा आमच्याकडे आहे’ असं ऐकावं लागतं. याला मी लुबाडणूकच म्हणेन.

माझ्या शिक्षिकेला ही परंपरा आयरिश आजीकडून मिळाली, असं त्या सांगतात.

आजीचं गाव विचारा. आजीने काय शिकवलं ते तिच्या शब्दांत सांगायला सांगा. खऱ्या आजीकडून आलेलं ज्ञान बारीकसारीक असतं: मस्सा कसा घालवायचा, लोणी लागलं नाही तर काय करायचं, कुठल्या झाडाची फांदी घरात आणायची नाही. आजी गार्डनरच्या पुस्तकातले विधी सांगत असेल तर ती 1954 नंतर वाचायला लागलेली आजी आहे.

आपल्या साती आसरा म्हणजे फेअरीच का?

साम्य आहे, ते पाहून मलाही नवल वाटतं. विहिरीकाठी, डोहाकाठी शेंदूर लावलेले सात दगड, भर दुपारी किंवा तिन्हीसांजेला पोरींनी एकटीने पाण्यावर जाऊ नये हा दंडक, आसरा ‘लागल्या’ की चोळीखण आणि हिरव्या बांगड्या घालून भरायची ओटी. आयर्लंडमध्येही गाय व्याली की चिकाचे पहिले थेंब जमिनीवर सांडायचे, ते त्यांचे.

तरी दोघींना एक करू नये. आसरांची पूजा होते, त्यांना स्थान आहे, कुळाचा नवस आहे. आयरिश फेअरींना देऊळ नसतं. फेअरी विक्काच्या कोर्समध्ये ‘भारतीय फेअरी’ म्हणून आसरांना बसवलेलं दिसलं तर जे आयर्लंडच्या बाबतीत झालं तेच आपल्या नदीकाठी सुरू झालंय असं समजा.

महाराष्ट्रात विक्का पाळणं कायद्याने गुन्हा आहे का?

नाही. 2013चा जादूटोणाविरोधी कायदा श्रद्धेवर बंदी घालत नाही, त्याने परिशिष्टात नोंदलेली विशिष्ट कृत्यं गुन्हा ठरवली आहेत. अमुक माणूस करणी करतो, मंत्रतंत्राने गुरांचं दूध आटवतो, असं म्हणून त्याचं जगणं कठीण करणं हे त्यातलंच एक. मात्र कुणी फेअरींच्या नावाने दुखणं बरं करण्याची हमी देऊन औषधोपचार थांबवायला सांगत असेल तर तिथून उठा आणि डॉक्टरांकडे जा.

मला खरोखर या विषयात शिरायचं आहे. सुरुवात कुठून करू?

डबलिनच्या विद्यापीठातल्या राष्ट्रीय लोकसाहित्य संग्रहापासून. 1937 ते 1939 या काळात आयर्लंडमधल्या सुमारे 5,000 शाळांतल्या मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून गोष्टी, औषधं, समजुती वहीत उतरवल्या. पन्नास हजारांहून जास्त मुलं होती ती. त्या वह्या ‘दूखस’ या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात, बराच भाग इंग्रजीत आहे. मुलांचं अक्षर, गावाचं नाव, सांगणाऱ्याचं वय, सगळं जसंच्या तसं. एखादा फेअरी फोर्टचा बांध कुणी नांगरला आणि मग त्याच्या घरात काय झालं, हे अशा दहा वह्यांत वाचलं की कुठल्याही कोर्सहून जास्त कळतं.

त्यानंतर रॉबर्ट कर्क. स्कॉटलंडच्या अ‍ॅबरफॉइलचा हा धर्मोपदेशक 1692 साली वारला. आपल्या गेलिक भाषिक गावकऱ्यांकडून ऐकलेलं फेअरींचं जग त्याने मन लावून लिहून ठेवलं, ते 1815 साली छापलं गेलं. तो मेला नाही, टेकडीतल्या लोकांनी त्याला नेलं, असं त्याच्या गावात म्हणत.

आणि क्लेअर परगण्यातल्या लाटूनच्या काटेरी झाडाची हकिगत शोधून वाचा. 1999 साली महामार्गासाठी ते तोडलं जाणार होतं. मन्स्टर प्रांताच्या फेअरी कॉनॉट प्रांतावर चालून जाताना त्या झाडाखाली जमतात, असं एडी लेनिहन या कथेकऱ्याने एका स्थानिक माणसाकडून ऐकलं होतं. त्याने वर्तमानपत्रांतून लिहिलं, रस्त्याच्या आखणीत झाड वाचवलं गेलं. 2002 साली कुणीतरी रात्रीत करवतीने त्याच्या फांद्या छाटल्या. खोड राहिलं होतं, त्याला पुन्हा पालवी आली. आज ते रस्त्याच्या कडेला कुंपणात उभं आहे, जाणारे-येणारे गाडीतून पाहू शकतात.